जुन्या हायब्रीडचा नवा चिमटा

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडच्या शिवारात सायकलवर अर्धा तास फिरलं तर चाकाखालून चार तऱ्हेची जमीन जाते. जुन्या नागपूर–मुंबई रस्त्याचं डांबर, गावातलं सिमेंट काँक्रीट आणि त्यावरचे उंच गतिरोधक, मुरूम-गिट्टी टाकलेला पांदण रस्ता आणि शेवटी बांधापर्यंत नेणारी काळी माती. ही माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर हलतो. डांबराच्या कडा तुटतात, मधेच लाटा उठतात, एका पावसाळ्यात बुजवलेला खड्डा दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा उघडतो. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, पण त्यावर सायकलला प्रवेश नाही. सायकलवाल्याच्या वाट्याला हेच चार तऱ्हेचे रस्ते येतात.

असल्या मिश्र रस्त्यांसाठीच हायब्रीड सायकल घडवली गेली. चाक रोड सायकलचं, म्हणजे ७००सी, रिमचा व्यास ६२२ मिमी. हँडल सरळ, बसण्याची ढब ताठ आणि पुढे ५० ते ६३ मिमी दबणारा शॉकपचा चिमटा. पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेल्या मुलानं हौसेनं घेतलेली अशी एखादी सायकल दहा-बारा वर्षांनी गावच्या घरी येते, तेव्हा फ्रेम धडधाकट असते, चाकं सरळ असतात, गिअरही पडतात. चिमटा मात्र गेलेला असतो. एकतर तो दबतच नाही, किंवा दबला की धाडकन वर येतो. मग नवा, चांगला चिमटा बसवायचा विचार सुरू होतो. विचार रास्त आहे. पण कुठला चिमटा बसेल हे फ्रेम ठरवते, आणि पैसे काढण्याआधी जुना चिमटा खरंच संपलाय की नुसता जाम झालाय हे बघावं लागतं.

आधी त्याच्या पोटात काय असतं ते पाहू. वरच्या दोन चकचकीत नळ्या खालच्या दोन जाड पायांत सरकतात. त्या नळ्यांना स्टँचन म्हणतात. एका पायात स्टीलची स्प्रिंग असते, सोबत बऱ्याचदा रबरासारख्या इलास्टोमरचा तुकडा. दुसऱ्या पायात डॅम्पर असायला हवा. कमी किमतीच्या हायब्रीडमध्ये तो नसतोच. तिथे फक्त लॉकआउटची यंत्रणा असते, म्हणजे चढावर चिमटा ताठ करून ठेवायची चावी. लॉकआउट आहे म्हणजे डॅम्पिंगही आहे, असा समज दुकानात फार सहज करून दिला जातो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. तो संपवायचं काम डॅम्परचं. त्याचा पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. मोटरसायकलवर ही गोष्ट जुनी आहे. बीएमडब्ल्यूनं १९३५ साली आर-१२ या गाडीवर तेलाचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क आणला. आज गावोगावचा मेस्त्री फोर्क ऑइल बदलतो, गळकी ऑइल सील काढून नवी घालतो, त्यात कुणाला विशेष वाटत नाही. स्वस्त हायब्रीडच्या चिमट्यात मात्र तेलच नसतं. नळी आणि पायाच्या आतली बुशिंग यांच्यातलं घर्षण हाच त्याचा डॅम्पर. नव्या ग्रीसवर हे निभावतं. दोन उन्हाळ्यांची धूळ आत गेली की घर्षण वाढतं आणि चिमट्याचं वागणं उलटं होतं. मुरमावरच्या बारीक खडखडाटाला तो हलतच नाही, सगळी थरथर मनगटात येते. गतिरोधकावर मात्र एकदम दबतो आणि उसळतो.

जुना चिमटा तपासायला हत्यार लागत नाही. पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि हँडलवर वजन टाकून चिमटा दाबायचा. तो सलग खाली जातो की अडखळत, वर येताना उडी मारतो की शांत येतो, हे हाताला कळतं. मग ब्रेक तसाच धरून सायकल पुढे-मागे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं नळी व पाय जिथे मिळतात त्या जागी ठेवायची. तिथे खटखट लागली तर बुशिंग झिजली आहे. खटखट वर, हँडलखालच्या हेडसेटमध्ये असेल तर दोष चिमट्याचा नाही. तिथले छर्रे किंवा बेअरिंग बघायला हवेत, आणि बऱ्याच वेळा नीट आवळलं की काम होतं. शेवटी स्टँचनवर नख फिरवायचं. क्रोमखाली गंजाचे खड्डे लागले तर तो चिमटा सोडून द्यावा. नवी सील घातली तरी ते खड्डे तिला कापत राहतात.

नळ्या गुळगुळीत असतील तर चिमटा उघडून बघण्यासारखा असतो. चाक काढून सायकल उलटी केली की पायांच्या तळाशी एकेक बोल्ट किंवा नट दिसतो. तो सोडवून खालचे पाय सरळ ओढले की बाहेर येतात. आत काळा, घट्ट लगदा सापडतो, जुन्या ग्रीसमध्ये मुरलेल्या धुळीचा. तो कोरड्या फडक्यानं पुसायचा, बुशिंगच्या खाचा काडीला कापड गुंडाळून साफ करायच्या, नवं ग्रीस भरायचं आणि पाय परत चढवायचे. रॉकेल किंवा डिझेलनं धुवायचा मोह टाळावा, त्यानं रबरी सील फुगते आणि उरलंसुरलं ग्रीसही निघून जातं. वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवाराही चिमट्याला वाईट. सीलच्या ओठाखालून पाणी आणि बारीक रेती तो आत ढकलतो. एवढी साफसफाई झाली की मेलेला समजलेला चिमटा पुष्कळदा पुन्हा चालू लागतो. नव्याइतका नाही, पण कामापुरता नक्की.

वजनाचाही प्रश्न असतो. कारखान्यातून येणारी स्प्रिंग मध्यम वजनाच्या माणसासाठी बसवलेली असते. हलका मुलगा बसला तर ती जेमतेम दबते. नळीवर एक बारीक झिप टाय अडकवून, तो सीलपर्यंत खाली आणून, सायकलवर हलकेच बसून उतरायचं. ६३ मिमीच्या चिमट्यात तो साधारण १० ते १५ मिमी वर सरकलेला दिसला तर स्प्रिंग त्या वजनाला बरोबर आहे. वरची प्रीलोडची चावी फिरवून स्प्रिंग मऊ किंवा कडक होते असं बहुतेकांना वाटतं. चावीनं स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, ती आधीच किती दाबून ठेवायची एवढंच ठरतं. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच दुसरी लागते.

पण धक्का झेलायचं काम शॉकपवरच सोपवायला हवं का, हे त्याच्या इतिहासातून कळतं. सायकलच्या आजच्या शॉकपची गोष्ट १९८९ साली सुरू होते. अमेरिकेत पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्स कंपनी काढली आणि आरएस-१ हा हवेवर आणि तेलावर चालणारा चिमटा बाजारात आणला. तो दबायचा जेमतेम पन्नासेक मिमी, म्हणजे हायब्रीडच्या चिमट्याएवढाच. १९९० साली कोलोराडोतल्या दुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिथली उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डनं रॉकशॉक्स लावून जिंकली. पण हायब्रीड चालवणाऱ्याला अधिक जवळची आहे ती पॅरिस–रुबे शर्यत. उत्तर फ्रान्समधल्या खेड्यांतून, उंचसखल दगडी फरसबंदीवरून ती जाते, आणि चाकं हायब्रीडचीच, ७००सी. १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षं जिल्बेर द्युक्लो-लासालनं ती रॉकशॉक्सचा चिमटा लावून जिंकली. दुसऱ्या वर्षी फ्रँको बॅलेरिनी आणि त्याच्यात इतकं कमी अंतर होतं की निकाल फोटोवरून लावावा लागला.

एवढ्या यशानंतर त्या शर्यतीत सगळ्यांनी शॉकप लावायला हवे होते. तसं झालं नाही, काही वर्षांत ते तिथून दिसेनासे झाले. आता त्याच दगडांवर शर्यतवाले ३० मिमीहून रुंद टायर कमी हवेवर चालवतात. त्यांनी धक्का झेलायचं काम टायरकडे सोपवलं. हवेचं टायर हाच सायकलचा पहिला शॉकप आहे. जॉन बॉइड डनलप यांनी १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी तो बनवला, तोही खडबडीत रस्त्यावरचा त्रास कमी व्हावा म्हणून. टायरला जाम होणारी बुशिंग नसते, फुटणारी सील नसते, आणि तो दोन्ही चाकांवर असतो. पुढचा शॉकप मनगटं वाचवतो, पण ताठ बसणाऱ्याचं निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकावर असतं. कंबरेला पुढच्या चिमट्याचा उपयोग नाही.

म्हणून दुसरबीडसारख्या ठिकाणी पहिला खर्च टायरवर करावा. ३२ किंवा ३५ मिमीचे टायर असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल, तर ४० ते ४२ मिमीचे घालावेत आणि हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत, पण खालच्या बाजूला ठेवावी. दूधवाल्याची काळी सायकल याच न्यायानं चालते. तिचं २८ गुणिले दीड इंचाचं टायर सुमारे ४० मिमी रुंद भरतं, चिमटा बराच पुढे वाकलेला आणि सीट स्प्रिंगची. शॉकप नसूनही ती पांदणीतून कॅन घेऊन जाते. जागा मात्र पावसाळा धरून मोजावी. पाऊस पडला की काळी माती टायरला थरावर थर चढते आणि चिमट्याच्या कमानीत गच्च बसते, आणि मग चाक फिरायचंच थांबतं. उन्हाळ्यात पुरेसं वाटणारं बोटभर अंतर आषाढात पुरत नाही.

टायर बदलले, चिमटा साफ केला, तरीही तो दाद देत नसेल किंवा नळ्याच गंजलेल्या असतील, तर नवा घ्यायलाच हवा. इथून पुढचं काम मोजपट्टीचं.

पहिलं आणि सगळ्यात दुर्लक्षित माप चिमट्याच्या उंचीचं. चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापासून वर, हेडसेटची खालची बेअरिंग जिथे टेकते तिथपर्यंत. ६३ मिमी दबणाऱ्या हायब्रीडच्या चिमट्यात हे अंतर साधारण ४५० मिमीच्या आसपास असतं. १०० मिमी दबणाऱ्या २९ इंची माउंटन बाइकच्या चिमट्यात ते ५०० च्या जवळ जातं. दोन्हींची रिम ६२२ मिमीचीच, त्यामुळे चाक त्यात बसतं. तेवढ्यावर लोक फसतात. सायकलच्या दोन ॲक्सलमधलं अंतर मीटरभर असतं. पुढची बाजू २० मिमी उचलली की फ्रेम एका अंशानं मागे झुकते. ५० मिमी उचलली तर अडीच-पावणेतीन अंशांनी. पेडल उंच जातात, हँडल चढतं, हळू चालवताना पुढचं चाक डावी-उजवीकडे पडू लागतं. शिवाय लांब चिमटा म्हणजे लांब तरफ. प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्या तरफेतून हेड ट्यूब, म्हणजे फ्रेमची पुढची उभी नळी, आणि खालची नळी जिथे जोडलेली आहे त्या वेल्डिंगवर येतो. बारा वर्षं मार खाल्लेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा नवा भार टाकणं धोक्याचं आहे. नवा चिमटा जुन्या उंचीच्या दहा-पंधरा मिमीच्या आतच असावा.

उलटी चूकही होते. २६ इंची सायकलचा चिमटा स्वस्त आणि कुठेही मिळतो. पण २६ इंची रिम ५५९ मिमीची, म्हणजे त्रिज्येत ३१ मिमीहून अधिक फरक. ७००सी चाक त्यात जेमतेम शिरलं तरी चिमटा पूर्ण दबला की टायर वरच्या क्राउनला, म्हणजे दोन्ही स्टँचन जोडणाऱ्या भागाला, घासतं, चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून कुठलाही नवा चिमटा बसवल्यावर स्प्रिंग काढून किंवा हवा सोडून तो शेवटपर्यंत दाबून बघावा. टायर आणि क्राउनमध्ये त्या अवस्थेतही स्पष्ट फट राहिली पाहिजे.

दुसरं माप स्टिअरर ट्यूबचं, म्हणजे चिमट्याच्या फ्रेममधून वर जाणाऱ्या नळीचं. गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक हायब्रीडमध्ये ती सरळ, २८.६ मिमीची आणि बिनआट्यांची असते. त्याआधीच्या काहींमध्ये वर आटे असतात, नळीही कधी २५.४ मिमीची असते. आजचे चांगले माउंटन चिमटे बहुतेक टेपर्ड नळीचे, खालून ३८ मिमीच्या. जुन्या फ्रेमच्या अरुंद हेड ट्यूबमध्ये ती शिरत नाही, आणि घासून शिरवायची गोष्टही नाही.

तिसरा मुद्दा ब्रेकचा. व्ही-ब्रेक असतील तर चिमट्यावर ते बसवायच्या खुंट्या लागतात. नवे महागडे चिमटे फक्त डिस्कसाठी असतात. म्हणजे चिमट्यासोबत नवा हब, चाक नव्यानं विणणं, डिस्क, कॅलिपर, लीव्हर. चिमट्यापुरता म्हणून सुरू झालेला खर्च सायकलच्या किमतीला कधी भिडतो ते कळतही नाही. ॲक्सलचंही तसंच. जुन्या चाकाला ९ मिमीचं क्विक रिलीज आणि १०० मिमीचं अंतर असतं. १५ मिमीच्या थ्रू-ॲक्सलचा चिमटा त्याला चालत नाही.

या सगळ्या अटींतून जे उरतं ते थोडं आहे, पण पुरेसं आहे. तैवानच्या एसआर सनटूरचे नेक्स आणि एनसीएक्स हे चिमटे खास ७००सी हायब्रीडसाठी बनवलेले, व्ही-ब्रेकच्या खुंट्यांसह मिळू शकणारे. त्यातला एनसीएक्स वरच्या दर्जाचा. रॉकशॉक्सनं याच वर्गासाठी पॅरागॉन आणला होता, तो कुठे जुना, चांगल्या अवस्थेत मिळाला तर उत्तम. घेताना बारकाईनं बघायचं ते रीबाउंड डॅम्पिंग. पायाच्या तळाशी त्याची छोटी लाल चावी बहुधा असते. ती असेल तर चिमटा वर येण्याचा वेग आवरता येतो, आणि जुन्या-नव्यातला खरा फरक तिथे जाणवतो.

हवेचा की स्प्रिंगचा? हवेचा चिमटा हलका असतो आणि हवा कमी-जास्त करून कुठल्याही वजनाच्या माणसाला बेतता येतो. घरात दोघं-तिघं तीच सायकल वापरत असतील तर हा मोठा गुण. पण त्याला शॉक पंप लागतो. पंक्चरच्या दुकानातल्या पंपानं ते काम होत नाही, कारण आतली जागा एवढीशी असते की नळी काढतानाच हवा निघून जाते. सील गेली तर जालन्यात ती मिळेलच असं नाही, मागवावी लागते आणि तोवर सायकल उभी. स्प्रिंगचा चिमटा सील गळली तरी माणसाला घरी आणतो. म्हणून गावात रोजच्या वापराला स्प्रिंग आणि तेलाचं डॅम्पिंग असलेला चिमटा बरा. सायकलची निगा स्वतः राखणाऱ्यानं आणि लोणारपर्यंत लांबच्या फेऱ्या मारणाऱ्यानं खुशाल हवेचा घ्यावा.

तिसरा मार्ग फार कमी लोक विचारात घेतात. शॉकप काढून साधा ताठ चिमटा बसवणं. स्प्रिंगचा हायब्रीड चिमटा अडीच किलोच्या आसपास भरतो, स्टीलचा ताठ चिमटा सव्वा किलोच्या आत. चिमट्याचं वजन जवळपास निम्म्यावर येतं, देखभाल शून्यावर. ४२ मिमीच्या टायरसोबत डांबर आणि मुरूम दोन्हींवर तो नीट चालतो. फक्त उंची बघून घ्यावी. शॉकप माणूस बसल्यावर थोडा दबलेलाच असतो, म्हणून ताठ चिमटा जुन्यापेक्षा दहा-पंधरा मिमीनं कमी उंचीचा चालतो. रोड सायकलचा चिमटा मात्र पुष्कळच आखूड पडतो, तो लावला तर फ्रेम पुढे वाकते आणि पेडल गतिरोधकाला टेकायला लागतात.

बसवताना घाई नडते ती एकाच ठिकाणी, स्टिअरर कापताना. नवी नळी लांब येते. जुना चिमटा शेजारी ठेवून तिची उंची नव्यावर उतरवायची, हेडसेट बदलला असेल तर तो फरक धरायचा, आणि शंका असेल तर एक वायसर जास्त ठेवून कापायचं. वायसर नंतर काढता येतो, कापलेली नळी वाढवता येत नाही. खालच्या बेअरिंगची रिंग नव्या चिमट्यावर ठोकताना तिच्या मापाची पीव्हीसी किंवा लोखंडी नळी वापरावी, छिन्नी लावून एका बाजूनं ठोकू नये. रिंग तिरकी बसली तर हँडल ठरावीक जागी अडकत राहतं. हेडसेट आवळताना आधी वरचा बोल्ट, चाचपून, खेळ जाईल एवढाच. मग हँडल धरणाऱ्या स्टेमचे बाजूचे बोल्ट घट्ट. हा क्रम उलटा झाला तर वरचा बोल्ट कितीही आवळला तरी खेळ जात नाही.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर हेडसेट थोडा बसतो, तेव्हा तो पुन्हा आवळावा लागतो. ब्रेकचे रबर रिमवर नीट पडतात का तेही त्याच वेळी बघावं, कारण नव्या चिमट्यावरच्या खुंट्या जुन्यापेक्षा मिलिमीटरभर इकडे-तिकडे असतात. नळ्या दर फेरीनंतर कोरड्या कापडानं पुसायच्या, आणि दसऱ्याच्या आसपास, पाऊस संपून धूळ उडायच्या आत, एकदा पाय उघडून ग्रीस बदलायचं.